एअरगनचा झिरो टिकत नाही? टरेट फिरवण्याआधी हे तपासा

चवथ (गणेश चतुर्थी) आटोपली, पाऊस ओसरला की कपाटातल्या एअरगन बाहेर निघतात आणि गोव्यातल्या फोंडा, डिचोली, वाळपईकडून तीच तक्रार सुरू होते: झिरो, म्हणजे नेम धरला तिथेच छर्रा लागेल अशी स्कोपची (नेमाच्या दुर्बिणीची) जुळणी, टिकत नाही. "गेल्या रविवारी झिरो करून ठेवली होती, आज बघतो तर छर्रा दोन बोटं डावीकडे आणि खाली." मग टरेट (स्कोपमधला नेमाचा क्रॉस सरकवायची चकती) फिरवायचं, पुन्हा झिरो करायचं, पुढच्या रविवारी पुन्हा तेच. महिनाभरात निकाल लागतो: स्कोप बाद. नवा स्कोप येतो आणि चार दिवसांत तोही बाद ठरतो.

ब्रेक-बॅरल बंदुकीवर स्कोप खरोखरच बाद झालाय, असं फार थोड्या वेळा निघतं. बहुतेक वेळा दोष त्याच्या खाली किंवा पुढे असतो, आणि टरेट फिरवून आपण तो फक्त झाकत राहतो.

या बंदुकीची नळी दर छऱ्यामागे बिजागरीवर मोडते आणि परत जागेवर बसते. स्कोप नळीवर नसतोच. तो मागच्या जाड सिलिंडरवर बसतो, ज्याच्या पोटात स्प्रिंग आणि पिस्टन आहे. मधे सांधा. स्कोप दाखवतो ती सिलिंडरची दिशा, आणि छर्रा जातो नळीच्या दिशेने. बंदुकीसोबत आलेल्या लोखंडी साइट (स्कोपशिवाय नेम धरायच्या खुणा) बघा: पुढची नळीच्या टोकाला, मागची बहुतेक मॉडेलांत नळीच्याच मागच्या ठोकळ्यावर. दोन्ही नळीवर, त्यामुळे सांध्यात थोडं काही असलं तरी त्यांना पत्ता लागत नाही. "साध्या साइटवर बरोबर लागते, स्कोप लावला की बिघडते" असं कोणी म्हणालं की माझा पहिला संशय म्हणूनच सांध्यावर आणि नळीच्या कोनावर जातो.

दुसरी भानगड झटक्याची. घोडा दाबला की पिस्टन पुढे सुटतो आणि बंदूक किंचित मागे येते. लगेच पिस्टन पुढच्या टोकाला दाबलेल्या हवेवर आदळून थांबतो आणि बंदूक पुढे हिसकते. हा दुसरा हिसका जास्त वाईट. बंदूक पुढे जाते, स्कोप आपल्या वजनाने जागीच राहू बघतो, म्हणून माउंटसकट (स्कोपला रिंगांत धरून सिलिंडरवर बसवणारी पकड) तो हळूहळू मागे सरकत जातो. काडतुसाच्या रायफलींचे बरेच स्कोप मुख्यतः एका दिशेचा धक्का सोसायला बनवलेले असतात. भारी किमतीचा असला तरी असा स्कोप स्प्रिंगच्या एअरगनवर खिळखिळा होऊ शकतो. घेताना "एअरगनसाठी" असं स्पष्ट लिहिलेलाच घ्या.

आधी कागदाला विचारा

१० मीटर मोजा, मोठा कोरा कागद लावा, मधे एक ठिपका काढा आणि पाच छर्रे त्याच ठिपक्यावर नेम धरून मारा. टरेटला हात लावायचा नाही, पहिला छर्रा कुठेही जाऊ दे.

मागे काय आहे ते आधी बघा. चिऱ्याच्या भिंतीवर कागद चिकटवून मारणारे बरेच जण आहेत. चिऱ्यावरून छर्रा उलटून डोळ्यावर येऊ शकतो. लाकडी खोक्यात जुन्या चिंध्या गच्च भरून किंवा वाळूची गोण ठेवून त्याच्यापुढे कागद लावा, आणि त्याच्याही मागे वाट, अंगण, शेजाऱ्याचं न्हाणीघर काही नको. ४.५ मिमी नळीची आणि २० ज्यूलच्या आतली एअर रायफल २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवान्याशिवाय ठेवता येते, पण म्हणून ती खेळणं होत नाही. कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) नारळ पाडणाऱ्या माकडांवर ती रोखायचा विचार असेल तर तो इथेच सोडा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे, आणि छऱ्याने माकड बहुधा लगेच मरत नाही, जखम घेऊन हिंडतं.

आता कागद. पाचही छर्रे एका नाण्याखाली मावतील असे जवळजवळ पडले, पण ठिपक्यापासून लांब, तर बंदूक उत्तम आहे आणि प्रश्न फक्त कोनाचा आहे. ग्रुप (पाच छऱ्यांचा पुंजका) छान पडतोय पण आज इथे, उद्या तिथे, तर काहीतरी सरकतंय. छर्रे कागदभर विखुरले तर स्कोपचा विषयच बंद करा. तिथे स्क्रू, सांधा, छर्रे किंवा तुमची पकड बघायची. चौथा प्रकार फसवा आहे: १० मीटरवर बरोबर, २५ मीटरवर एका बाजूला. तो बहुधा स्कोप तिरका बसल्याचा.

खाली, खाली आणि खालीच

सगळ्यात जास्त डोकेदुखी इथे होते, म्हणून जरा सविस्तर.

बऱ्याच ब्रेक-बॅरल बंदुकांची नळी सिलिंडरच्या मानाने किंचित खाली झुकलेली असते. हा बिघाड नव्हे, ही रचनाच तशी असते, आणि लोखंडी साइट वापरणाऱ्याला तो झुकाव आयुष्यभर कळत नाही. स्कोप लावला की मात्र १० मीटरवर छर्रा हातभर वाटावा इतका खाली लागतो. माणूस काय करतो? वरची टोपी काढतो आणि "अप" कडे फिरवत सुटतो.

हिशेब बघा. स्कोपवर "१/४ एमओए" (एमओए म्हणजे कोनाच्या एका अंशाचा साठावा भाग) लिहिलेलं असेल तर १० मीटरवर टरेटच्या एका क्लिकने छर्रा सुमारे ०.७ मिमी सरकतो. म्हणजे १० सेंटिमीटर वर आणायला जवळजवळ १४० क्लिक. ज्या स्कोपची सगळी मिळून ६० एमओएची चाल आहे, त्यात मध्यापासून वर १२० क्लिकच आहेत. पुरत नाहीत. आणि पुरले तरी ते चांगलं नाही. स्कोपच्या आत एक बारीक नळी असते, तिला एका बाजूने टरेटचा स्क्रू दाबतो आणि समोरून पत्र्याची स्प्रिंग रेटून धरते. "अप" कडे शेवटपर्यंत गेलात की स्क्रू मागे येतो, स्प्रिंग सैल पडते आणि आतली नळी दर झटक्याला थोडी इकडे-तिकडे डुलते. तुमचा क्रॉस हलतो तो इथे. स्कोप बाद नाही, त्याला टोकाला नेऊन उभा केलाय.

उपाय टरेटवर नाही, माउंटवर आहे.

पहिल्यांदा टरेट मध्यावर आणा. स्कोप काढा, एका पुठ्ठ्याच्या खोक्याच्या समोरासमोरच्या दोन कडांना व्ही आकाराच्या खाचा कापा आणि स्कोप त्यांत आडवा ठेवा. लांबच्या एखाद्या ठिपक्यावर क्रॉस आणा आणि खोकं न हलवता स्कोप जागच्या जागी गोल फिरवा. क्रॉस ठिपक्यावरच राहिला तर तो मध्यावर आहे. ठिपक्याभोवती वर्तुळ काढत असेल तर जितका सरकला त्याच्या निम्मं टरेटने मागे आणा, पुन्हा फिरवा. पडवीत बसून अर्ध्या तासात होणारं काम, पण कंटाळा करून लोक हेच टाळतात.

मग मागची रिंग उचला. मागची बाजू वर गेली की स्कोप खाली बघू लागतो, नेम धरताना नळी वर येते, छर्रा वर चढतो. दोन्ही रिंगांमध्ये १० सेंटिमीटर अंतर असेल तर मागच्या रिंगेखाली ०.१ मिमीची पट्टी घातल्याने १० मीटरवर छर्रा १ सेंटिमीटर वर येतो. थंड पेयाच्या ॲल्युमिनियम कॅनचा पत्रा साधारण तितकाच जाड असतो. कात्रीने रिंगेच्या रुंदीएवढी पट्टी कापा, कडा घासून गुळगुळीत करा, खालच्या अर्ध्या रिंगेत बसवा. दोन-तीन पट्ट्यांपर्यंत ठीक. त्याहून जास्त लागत असतील तर थांबा, कारण रिंगा एका रेषेत राहत नाहीत, स्कोपची नळी चेमटते आणि नवंच दुखणं मागे लागतं. तिथे मागून उंच असलेला किंवा कोन बदलता येणारा माउंट घ्या. पैसे जातात, पण बिघडलेल्या स्कोपपेक्षा स्वस्त.

झुकाव मोजण्याआधी एक खातरजमा करा. ५ मीटरवर मारून "खाली लागते" म्हणू नका. स्कोप नळीच्या साधारण ४ सेंटिमीटर वर असतो. छर्रा सेकंदाला २०० मीटरच्या आसपास जात असेल आणि झिरो १० मीटरवर असेल, तर ५ मीटरवर तो दीड सेंटिमीटरहून थोडा जास्तच खाली लागणार. पाऊस पडतोय म्हणून घरातल्या वाशावाशाखाली लांबी शोधत झिरो करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. तोच झिरो पुढे २० ते २५ मीटरपर्यंत मात्र सेंटिमीटरभराच्या फरकाने टिकतो.

पावसाळी तेलाचा महिमा

आपल्याकडे लोखंडाला गंज चढायला वेळ लागत नाही. त्यामुळे जूनमध्ये बंदुकीला तेल चोपडून ठेवायची पद्धत आहे, आणि ती चुकीची नाही. चुकतं ते ऑक्टोबरमध्ये. तेच तेल सिलिंडरवरच्या डोव्हटेल खाचांत (माउंट अडकतो त्या तिरक्या कडांच्या खाचा) राहतं, त्याच्यावरच माउंट आवळला जातो आणि पहिल्या पन्नास छऱ्यांत तो मागे सरकायला लागतो. ग्रुप छान, पण रोज नव्या ठिकाणी.

माउंट काढा. खाचा, माउंटच्या आतल्या कडा, रिंगा आणि स्कोपच्या नळीचा तेवढा भाग स्पिरिटने पुसा. पुसलेलं फडकं काळं येत असेल तर पुन्हा पुसा. बाकी बंदुकीला तेल राहू दे, माउंट बसतो तिथे कोरडंच हवं. मग स्टॉप पिन बघा. माउंटच्या पोटात एक छोटी पिन असते आणि सिलिंडरवर मागच्या बाजूला तिच्यासाठी भोकं असतात. पिन भोकात उतरवून माउंट मागे ढकलून टेकवा, नंतर आवळा. कित्येक माउंटची पिन आत स्क्रू करून ठेवलेली असते आणि मालकाला ती आहे हेच माहीत नसतं. दोन सुट्या रिंगांपेक्षा एकसंध माउंट घ्या. पकड लांब असते, सरकणं कमी.

रिंगांचे स्क्रू एका बाजूचे पूर्ण आवळून मग दुसरीकडे जाऊ नका. कोपऱ्याकोपऱ्याने, तिरके, थोडे थोडे, दोन्ही बाजूंची फट सारखी दिसेपर्यंत. ॲलन कीची लांब बाजू स्क्रूत घालून आखूड बाजू बोटांनी फिरवली की जितका जोर येतो तितका पुरे. पाना लावून आवळलेल्या रिंगांखाली मी स्कोपच्या नळीवर उमटलेले चर बघितलेत. आत भिंगं आहेत, बोल्ट नव्हे.

आता घरातलं नेलपॉलिश आणा. माउंटची मागची कड आणि सिलिंडर यांवर मिळून एक बारीक रेघ, आणि रिंग आणि स्कोपची नळी यांवर दुसरी. शे-दोनशे छऱ्यांनंतर रेघ तुटलेली दिसली तर काय सरकतंय ते कोणाला विचारायला नको. पहिली तुटली तर माउंट, दुसरी तुटली तर स्कोप रिंगांत.

तेलाचा दुसरा घोटाळा याहून वाईट. बंदूक "सुकी" वाटते म्हणून नळीच्या मागच्या तोंडाकडून किंवा हवा येते त्या छोट्या भोकातून तेल सोडणारे आहेत. खोबरेल सुद्धा! पिस्टनने हवा दाबली की ती इतकी तापते की तेल पेट घेतं. मोठा आवाज येतो, धुराची बारीक रेघ दिसते, छर्रा जास्त वेगाने वर लागतो, पुढचा कमी वेगाने खाली. असा भडका सतत होत राहिला तर स्प्रिंग, सील आणि स्कोप तिघांचंही आयुष्य कमी होतं. नव्या बंदुकीत कारखान्यातलं तेल असतं, त्यामुळे सुरुवातीचे शे-दीडशे छर्रे थोडा धूर दिसेल आणि ग्रुप नाचेल. त्या काळात झिरो करायला बसूच नका, नुसते मारा.

विखुरलेला ग्रुप

दस्त्याचे स्क्रू. पुढे दोन्ही अंगांना एकेक, आणि ट्रिगर गार्डचे. स्प्रिंगच्या थरथरीने ते सैल होतातच. लाकडी दस्ता असेल तर पावसात लाकूड फुगतं, डिसेंबर-जानेवारीत सुकतं आणि ऑगस्टमध्ये घट्ट वाटलेला स्क्रू ढिला पडतो. काढा, पुसा, निळ्या थ्रेडलॉकरचा एक थेंब लावा, परत बसवा. लाल लावू नका, पुढच्या वेळी स्क्रू निघायचा नाही.

सांधा. नळी अर्धवट मोडा, हात तिच्यावर घट्ट ठेवूनच, बोट ट्रिगरपासून लांब. जिथे धराल तिथे ती थांबायला हवी. आपल्या वजनाने खाली लोंबली किंवा आडवी हलवल्यावर टकटक झाली तर बिजागरीचा बोल्ट ढिला आहे. तो घट्ट करता येत नसेल तर कारागिराकडे द्या. नळी मिटल्यावर सांध्यावर टिश्यूची पट्टी ठेवून एक छर्रा मारा. पट्टी उडाली तर मधलं रबरी सील गळतंय. सील स्वस्त असतं, पण बसवताना त्याची जाडी बघावी लागते. फार जाड बसलं तर नळी नीट मिटत नाही आणि छर्रे पुन्हा खाली.

छर्रे. एकाच डब्यातले वापरा आणि दोन-तीन वेगळ्या वजनांचे करून बघा, बंदुकीला आवडनिवड असते. आपल्या दमट हवेत उघड्या डब्यातल्या शिशावर पांढरी भुकटी धरते. तसे छर्रे झिरोसाठी नकोत, आणि हात लावल्यावर हात धुवा. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलची पुडी.

आणि पकड. छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच बंदूक हलायला लागलेली असते, म्हणून ती कशावर टेकली आहे याने छऱ्याची दिशा बदलते. पुढची बाजू कठड्यावर किंवा टेबलावर थेट टेकवली तर ती उसळते. उघड्या तळहातावर ठेवा, हात हवा तर वाळूच्या पिशवीवर ठेवा, मूठ आवळू नका, खांद्यात खेचू नका, आणि दर वेळी तळहात त्याच जागी. दस्त्यावर पेन्सिलची खूण करून ठेवा. हे करून विखुरलेला ग्रुप निम्म्यावर आलेला पुष्कळदा दिसतो, आणि तोवर माणूस स्कोपची किंमत बघत असतो.

बाजूला जाणारा छर्रा, डोळ्याचा खेळ

स्कोप सरळ बसला का हे डोळ्याच्या अंदाजाने ठरवू नका. गवंड्याचा ओळंबा १० मीटरवर टांगा, बंदूक सरळ धरून ठेवा, मग स्कोप रिंगांत फिरवून उभी तार ओळंब्याच्या दोरीवर बसवा. बंदूक सरळ आहे हे बघायला सिलिंडरवर लहान पातळी ठेवली तर उत्तम. स्कोप नळीच्या बरोबर वर नसून किंचित कलंडलेला असेल तर जवळ आणि लांब दोन्हीकडे एकाच वेळी झिरो जमणार नाही.

पॅरलॅक्स, म्हणजे डोळा हलला की क्रॉस लक्ष्यावरून सरकलेला दिसणं, बऱ्याच जणांना ठाऊक नसतो. काही स्कोप १०० यार्डांवर पक्के केलेले असतात. १० मीटरवर त्यातून बघा, डोकं थोडं इकडे-तिकडे करा, क्रॉस कागदावर सरकताना दिसेल. ४० मिमी भिंगाच्या स्कोपमध्ये डोळा अगदी कडेला गेला तर ही चूक दीड सेंटिमीटरच्या वर जाऊ शकते. १० मीटर एअर रायफलच्या स्पर्धेच्या कागदावरचा सगळा काळा गोल ३०.५ मिमीचा असतो, त्याच्या निम्म्याहून जास्त झालं हे. पुढच्या भिंगावर अंतर लावायची कडी असलेला आणि १० मीटर किंवा यार्डपर्यंत खाली येणारा स्कोप घ्या. कडीवरच्या आकड्यावर फार विसंबू नका, डोकं हलवून क्रॉस स्थिर दिसेपर्यंत फिरवा.

आता झिरो

हे सगळं झालं की झिरोइंग पाच मिनिटांचं काम. पाच छर्रे, त्यांचा मध्य, मध्यापासून ठिपक्यापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये, भागिले ०.७, तितके क्लिक. २१ मिमी उजवीकडे हवं तर ३० क्लिक. टरेटवरचा बाण छर्रा कुठे जाईल ते सांगतो, क्रॉस कुठे जाईल ते नाही. इथे घोळ करून उलटं फिरवणारे रोज भेटतात. फिरवल्यावर टोपीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक करा, आतली नळी जागेवर बसते. मग पुन्हा पाच. एका छऱ्यावरून टरेट फिरवायचं नाही, कितीही हात शिवशिवला तरी.

यानंतरही ग्रुप भटकला, आणि नेलपॉलिशच्या दोन्ही रेघा शाबूत असतील, तर आता स्कोपवर संशय घ्या. तो उतरवून लोखंडी साइटवर पाच छर्रे मारा. तिथे ग्रुप घट्ट आला तर मित्राचा चालू स्कोप त्याच माउंटवर चढवा. तो टिकला तर तुमचा स्कोप गेला. तोही भटकला तर पुन्हा माउंट आणि सांध्याकडे या. बंदुकीसोबत फुकट मिळालेला बारीक नळीचा ४x२० (चारपट मोठं दाखवणारा, २० मिमी भिंगाचा) असेल तर ही परीक्षा तो बहुधा पास होत नाही. तो बदलताना १ इंच नळीचा, एअरगनसाठीचा, अंतराची कडी असलेला घ्या, ४x३२ सुद्धा पुरतो. ३-९x४० घेतलात तरी १० मीटरवर ९ वर ठेवायचं काही कारण नाही, चारवर ठेवा.